मामांच्या लाथेची जोड

चांदा जिल्ह्यात लाथ कशी मारावी हे गाढवांच्या खालोखाल फक्त माझ्या मामांना कळत होतं. त्यातही गाढवांची विद्या एकाच दिशेची, मागची. मामा पुढे, आजूबाजूला आणि वरून खाली अशी चौफेर मारत. तरुणपणी ते ब्रह्मदेशात, मोलमीनच्या एका लाकडाच्या वखारीत आराकस होते. मोठ्या आरीला दोन टोकं असतात. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला तिथलाच एक ब्रह्मी गडी. दोघं दिवसभर सागवान कापत आणि संध्याकाळी भुशाच्या ढिगावर एकमेकांना मनसोक्त लाथा घालत. छातीवर सरळ जाणारी लाथ ती 'पाचर', घोट्याशी फिरून माणूस आडवा करणारी ती 'आरी', आणि डोक्याच्या वर नेलेला पाय समोरच्याच्या खांद्यावर आणायचा, ती 'कुऱ्हाड'. पुढे लढाई आली, बॉम्ब पडले, मामा जंगलातून पायी परत आले. आरीचं दुसरं टोक तिकडेच राहिलं.

मामांचं गाव वडशापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या शेतांना, लागून. तिथे आल्यावर त्यांनी हात फक्त जेवायला आणि देवासाठी ठेवले. बाकीचा संसार पायांनी केला. बोरं पाडायला लोक काठी घेत, मामा बुंध्याला पाचर मारत. आपला पाय अजून किती वर जातो हे बघायला अंगणातली दोरी होती आणि दोरीवर मामीचं लुगडं. "लढाई सरकारची सरली," मामी म्हणायची, "माह्या लुगड्याची काई सरत नाई."

पण मामांच्या लाथेत एक गडबड होती. आपल्याकडे चुकून कुणाला पाय लागला की वाकून त्याला हात लावतात आणि हात कपाळाला नेतात. मामा या बाबतीत इतके धार्मिक, की मुद्दाम मारलेल्या लाथेलाही तोच नियम. एकदा बाजारात एका दांडगटानं कुंभारणीची मडकी फोडली. मामांनी कुऱ्हाड घालून त्याला खाली बसवलं आणि त्याच दमात वाकून नमस्कार केला. दांडगट इतका गोंधळला की त्यानंही केला.

खरं दुःख वेगळंच होतं. "झाडाले लाथ मारली तं झाड वापस मारते का?" मामा म्हणत. "आरी एकट्यानं चालत नाई. एकानं ओढली का दुसऱ्यानं ओढा लागते. लाथेचंबी तसंच. मले जोड पाहिजे, जोड!" हे वाक्य त्यांनी एका लग्नात चारचौघांत म्हटलं, तेव्हा मंडळींनी मोठ्या उत्साहानं एक घटस्फोटित बाई सुचवली आणि मामी रागानं माहेरी निघून गेली.

मी तेव्हा वरोऱ्याला शाळामास्तर होतो, सुटीत मामांकडे आलेला, चांगला विशीतला, धडधाकट. मी जोड व्हायला तयार होतो. मामांनी कानांवर हात ठेवले. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. "भाच्याले लाथ मारू? नरकात माह्यासाठी जागा धरून राह्यला का तू?"

अशात एका गाडीवानानं निरोप आणला: वडशाला तालीम सुरू झाली, धिप्पाड माणसं पाहिजेत. मामांचे डोळे भरून आले. नवा लंगोट, तेलाची बाटली आणि मी, असे तिघं मामांबरोबर निघालो. धानाच्या गिरणीमागे मोठं टिनाचं छप्पर होतं. मामांनी उंबऱ्याची माती कपाळाला लावली, आत पाऊल टाकलं आणि पेटीचे सूर ऐकून थबकले.

"पेटी कायले?" त्यांनी मला हळूच विचारलं. "कुस्तीले तं डफडं लागते."

"या भाऊ, या!" मंडळीचा मालक ओरडला. "काय अंग हाय! कोणतं पात्र करता?"

"पात्र नाई. मले जोड पाहिजे."

"भाऊ, नाटकाची तालीम हाय हे!"

मराठीत तालीम हा शब्द पैलवानांनी आणि नटांनी वाटून घेतला आहे, त्याला कोण काय करणार! पण मालक हुशार. नाटकात दुष्ट सेनापती राजपुत्राला लाथ घालतो, ती मामांनी घालावी असं ठरलं. राजपुत्र चांगला गुबगुबीत होता. मामांची पाचर त्याच्या छातीपासून बोटभर अलीकडे थांबली. राजपुत्र भीतीनंच मुकुटासकट आडवा झाला. टाळ्या पडल्या. आणि मामा वाकले, राजपुत्राच्या छातीला हात लावून त्यांनी तो कपाळाला नेला. सगळं छप्पर हसलं.

"अरे भाऊ, दुष्ट सेनापती पाया पडते का कुठी? लोक शिव्या कोणाले देतीन?"

"पाय दाखवला का नमस्कार करा लागते."

"तेवढा नमस्कार सोडा ना!"

"मंग लाथ कशी मारू?" मामांनी अगदी खरेपणानं विचारलं. पुन्हा हशा झाला. मामांनी तेलाची बाटली उचलली.

परतीच्या वाटेवर कापणी झालेल्या बांधीपाशी त्यांनी बैल थांबवले. "भाचेबुवा, उतर. मले तुले पाय लावता येत नाई. पण तुहा पाय मले लागला तं पुण्यच हाय ना? मार!"

मी जीव खाऊन पाचर मारली. त्यांनी ती मनगटावर घेतली आणि लहान पोरासारखे हसले. "अजून!" मी मारत गेलो, ते अडवत गेले. मधूनमधून त्यांचा पाय आपोआप उचलला जाई, माझ्या कमरेपर्यंत येई आणि तिथूनच हळूच परत खाली जाई. मी दमून बसलो, तेव्हा ते माझ्या पाया पडले. "अर्धीच," धुळीनं भरलेला हात कपाळाला लावत ते म्हणाले, "पण चालली आरी."

मामा गेले. आता चांद्याचं चंद्रपूर झालंय आणि माझ्या घरामागच्या मैदानावर पांढऱ्या कपड्यातली पोरं-पोरी कराटे शिकतात. सुरुवातीला दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना वाकून नमस्कार करतात, मग लाथा, मग पुन्हा नमस्कार. कुणी हसत नाही. आणि प्रत्येकाला जोड असते. शिकणारी पोरं विषम संख्येत आली, तर राहिलेल्या एकासमोर गुरुजी स्वतः उभे राहतात. ते पाहिलं की मी कुंपणापाशी थांबतो, आणि माझा पाय नकळत, अर्धाच, वर उचलला जातो.