फळीखालचा सिलिंडर

बोटमास्तरांना मोटार चालवता येत नसे. उभा जन्म लोकांचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेला, पण स्वतः फिरायचे सायकलवर, तीही उतार आला की हातात धरून. बायको म्हणायची, जगाच्या थांबण्याची सोय करतात आणि स्वतः मात्र निघतच नाहीत. मास्तर हसून चहा पीत. म्हणणं खोटं नव्हतं.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर टांगलेले रबरी वायसर. ब्रेकचा नाहीतर क्लचचा सिलिंडर आला, की मास्तर पिस्टन बाहेर काढायचे आणि मापपट्टीला हात न लावता आत बोट घालायचे, म्हणूनच बोटमास्तर. करंगळी घट्ट बसली तर लहान गाडी, अनामिका बसली तर मोठी गाडी नाहीतर ट्रॅक्टर, मधलं बोट गेलं तर ट्रक. मग डोळे मिटून बोट सावकाश फिरवायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. आतल्या झिजेवरून त्यांना रस्ते दिसत. हा घाटात राबलाय, हा गर्दीत रखडलाय, ह्याचा मालक तापट आहे. त्यातलं निम्मं मनाचंच असणार, पण सिलिंडर ओळखण्यात ते कधी चुकले नाहीत, त्यामुळे कुणी तोंड उघडत नसे.

एका दुपारी गणिताच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या दारात उभ्या राहिल्या की समोरचा माणूस आपोआप ताठ बसे. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला सिलिंडर टेबलावर ठेवला. त्यांच्या यजमानांची जुनी मोटार होती. यजमान लेथवर काम करणारे, खटपट्या स्वभावाचे. त्यांनी ती निम्मीअधिक बदलून टाकली होती. ते जाऊन तीन वर्षं झाली. आता गाडी नात चालवणार म्हणून गॅरेजात दिली, तर ब्रेकच्या नळीत हा जादा सिलिंडर निघाला. तो टाकून देऊ, नळी सरळ जोडू, असं तिथला मिस्त्री म्हणत होता. बाईंना ते पटेना.

"आमच्या ह्यांनी उगाच एक स्क्रूसुद्धा लावला नाही कधी," त्या म्हणाल्या. "हा कशासाठी आहे तेवढं सांगा. मग टाकायचा की ठेवायचा ते मी बघीन."

मास्तरांनी पिस्टन काढला, बोट घातलं. अनामिका बसली. जात कळली, ट्रॅक्टरच्या क्लचचा. पण पुढे काही दिसेना. रस्ता नाही, घाट नाही, नुसतं पांढरं धुकं. असं आजवर झालं नव्हतं. मास्तर मनातून घाबरले, आपलं बोट म्हातारं झालं की काय. बाहेरून पाहिलं, तर नंबराच्या जागी कानस मारलेली, अगदी निगुतीने. झिजलेला नंबर वेगळा आणि पुसलेला वेगळा. हा कुणाला ओळखू येऊ नये अशी कुणाची तरी इच्छा होती.

बाई बोलतच होत्या. यजमानांची नजर अधू झाली तेव्हा त्या पन्नाशीत गाडी शिकल्या आणि पुढे अकरा वर्षं त्यांनीच चालवली. शेजारी हे बसायचे, डोळे मिटून, लाकडी फळीवर पाय टेकवून. ठेंगणे होते, पाय खाली पोचत नसत, म्हणून ती फळी.

"सगळं घर मला हसत होतं, मास्तर. माझ्या गाडीत बसायला पोरंसुद्धा घाबरायची. हे मात्र खुशाल झोपायचे. एवढा एकच माणूस मला भ्याला नाही."

फळी म्हटल्याबरोबर मास्तर सिलिंडर खिशात टाकून उठले.

ते बाईंबरोबर गॅरेजात गेले. गाडी कोपऱ्यात उभी होती, काचांवर धूळ, आत जुन्या कातड्याचा वास. मास्तर शेजारच्या सीटसमोर वाकले आणि फळी उचलून पाहिली. एका बाजूला बिजागरी, खाली दांडा जाण्यापुरतं भोक. गाडी शिकवणाऱ्यांच्या पायाशी असतो तसा दुसरा ब्रेक, फळी दाबली की लागणारा. हँडब्रेकची काहीतरी जोडणी आहे, असं सांगून मोकळं व्हावं, असं त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण गणिताच्या बाईंना चुकीचं उत्तर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी खरं ते सांगितलं.

बाईंनी गाडीचं दार धरलं.

"म्हणजे हेसुद्धा," एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तरांना फार वाईट वाटलं. हाताला चाळा म्हणून त्यांनी खिशातला सिलिंडर काढला, पुन्हा बोट घातलं, डोळे मिटले. पुन्हा तेच धुकं. आणि मग त्यांना कळलं. बोट म्हातारं झालेलं नव्हतं. त्यांनी बाईंना उजेडात बोलावलं आणि आत बघायला सांगितलं. कारखान्यात घासताना पडलेल्या बारीक तिरप्या रेषा जशाच्या तशा होत्या. रबर जिथे टेकलं होतं तिथे एक काळपट कडं, त्याच्या पुढे कसलाही ओरखडा नाही.

"बसवताना दोन-चारदा दाबून पाहिला असेल," मास्तर म्हणाले. "त्यानंतर अकरा वर्षांत एकदाही नाही. ते झोपायचे की नाही, भीत होते की नाही, हे मला ह्यावरून सांगता येत नाही, बाई. दाबला नाही, एवढं नक्की."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा आत पाहिलं. उत्तर दोनदा तपासायची सवय. डोळ्यांतलं पाणी मात्र त्यांनी पुसलं नाही.

"नवीन रबर घालून आहे तिथेच बसवून द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "आता त्या सीटवर मी बसणार आहे. आणि नातीला यातलं काही सांगू नका."

मास्तरांनी आठवडाभरात काम करून दिलं. बाई यजमानांपेक्षा उंच होत्या, म्हणून फळी तेवढी दोन बोटं खाली घ्यावी लागली.