आबांचा हत्ती आणि तुमचा ओटा

ज्याच्या फुंकरीवर तुमची वरात नाचते, त्याला तुम्ही ओट्यावर टेकू का देत नाही? म्हसावद, कळसाडी, ब्राह्मणपुरीच्या घराघरांना मी हे विचारतो आहे. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून मुंबईला आले, त्यांनाही.

मी निघालो तो दिवाळीचा पाडवा. नंदुरबारला गाडी पकडायची होती, पण आधी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बँडला म्हसावदच्या एका मोठ्या दारी वाजवायचं होतं. त्यांचं वाद्य म्हणजे अंगाला वेढा घालणारा पितळी भोंगा, महूच्या लष्करी छावणीतून मोडीत निघालेला. त्याचा आवाज कानाआधी पोटात शिरतो, म्हणून सारं गाव त्याला हत्ती म्हणतं.

"वाजाडा रे, अजून वाजाडा!" ओट्यावरून हुकूम सुटत होते. मग जेवण आलं, गोठ्याशेजारी, पत्रावळीवर. आम्ही मांगवाड्यातले. आमच्या तोंडचा वारा भरलेला भोंगा टेकला तर ओटा बाटतो, ही रीत. आणि शेणात पितळ ठेववत नाही. म्हणून आबा दरवर्षीसारखे हत्ती मांडीवर घेऊन, डाव्या हातानं सावरत जेवले. मी पत्रावळीला हात लावला नाही.

"भाऊ, पह्यले जेव, मंग भांड," असं माय सकाळीच म्हणाली होती. तिला तिचा मुलगा ठाऊक.

मला पोचवायला शिवेपर्यंत आबा आले. शिवाशिवीविरुद्धच्या पत्रकांत वाचलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं. ते हसून एवढंच म्हणाले, "वारा आपला शे, पितळ बाजारनं शे. मंग बाटस काय?" त्या हसण्याचा राग घेऊन मी उपाशीच गाडीत बसलो.

आता मी छापखान्यात खिळे जुळवतो. तसलीच पत्रकं माझ्या हातांतून निघतात. नाताळात इथल्या एका बागेत गोऱ्यांचा बँड वाजतो. आत तिकीटवाले, बाहेर लोखंडी गज धरून आम्ही. मोठा भोंगा घुमला की गजांची थरथर हाताला कळते.

"काय रे, साहेबाच्या सणाला तुझा पाय हलतो?" छापखान्यातला सोबती शंकर म्हणाला.

"पाय म्हसावदचा आहे," मी म्हटलं. "हत्ती ओळखतो."

मला त्या संगीतानं सुख दिलं, हे मी नाकारणार नाही. मग विश्रांती झाली. वाजवणारा उठला, त्यानं भोंगा आपल्या खुर्चीवर बसवला आणि बाकीच्यांबरोबर चहाला गेला. खुर्चीला काही झालं नाही. मुंबईत न्याय आहे असं लिहायला हात धजत नाही; गजांच्या बाहेर मी इथेही होतोच.

परवा ब्राह्मणपुरीचा एक जण गिरणीत कामाला आला. त्यानं सांगितलं, यंदा दिवाळीच्या पाडव्याला आबा त्याच दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आज हत्ती ओटावर टेकी, तव्हयच वाजी." आतून उत्तर आलं, म्हातारा माजला. आबा दुपारपर्यंत उन्हात उभे होते, हत्ती खांद्यावर. मग न वाजवता परतले.

तेव्हापासून त्यांना कुणी बोलावलेलं नाही. लग्नसराईला बाहेरचा बँड आणायचा, असं तुमच्यात घाटतं आहे म्हणे. तो आला आणि गोठ्याशेजारी मुकाट जेवला, तर आबा हरले. मग त्यांच्यामागे कुणीही असं उभं राहणार नाही.

मी पत्रकं छापली. उन्हात उभे राहिले ते आबा. आता घर म्हटलं की मला तोच ओटा दिसतो. तिथे हत्ती टेकेल तेव्हा गाव माझं होईल, आणि त्या दिवशी मी पंगतीत पोटभर जेवीन.

तोवर एवढं करा. बाहेरचा बँड बोलावू नका. आबांना सांगावा धाडा. आणि ते दारात आले, की ओट्यावर थोडं सरकून बसा.