दोर धरणारी

म्हसावदच्या गजराबाईला दुःख झालं होतं हे खरं, पण त्याहून जास्त तिचा जळफळाट झाला होता. आणि का होऊ नये? पोर गेली तिची, आणि गाव रडायला जायचं जावेच्या दारात.

कमळी कळसाडीला दिलेली. पहिल्याच बाळंतपणात गेली. साल छत्तीसचं असेल. गजराबाई नुसती बसून राहिली, डोळ्यांत टिपूस नाही. बायका म्हणाल्या, छातीची घट्ट आहे हो. धाकटी जाऊ भिकुबाई मात्र पहाटे जात्यावर बसली की कमळीवर ओव्या गायची. आवाज असा, की गल्लीतल्या बायका आपलं दळण उचलून तिच्याकडेच यायच्या, दळता दळता डोळे पुसायच्या आणि जाताना तिच्याच पाठीवरून हात फिरवायच्या. "कितला जीव व्हता बाई तुन्हा कमळीवर." भिंतीपलीकडे गजराबाई हे ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नऊ महिने पोटात वागवली मी, आणि जीव म्हणे हिचा!

एकदा तिनंही दार लावून जातं ओढून पाहिलं. पीठ पडलं, शब्द काही पडला नाही. त्या दिवशीची भाकरी तिला गिळवेना.

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आपल्याकडे अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. कमळीची घागर भरायची तिच्या सासरी, कळसाडीला. रीतच तशी. म्हणजे घागर त्यांची, गाणं जावेचं. मग आईच्या वाट्याला उरलं काय? गजराबाई सकाळपासून हेच घोकत होती.

दुपारी निंबाखाली बायका जमल्या. झोका बांधलेलाच होता. भिकुबाईनं गळा मोकळा केला आणि गाण्यात कमळीला झोक्यावर बसवलं. ही कमळी कशी, तर निंबाच्या शेंड्याला पाय लावणारी, खदखदा हसणारी. बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

गजराबाईनं ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि उठली. "बंद कर," ती म्हणाली. "मन्ही पोर तुन्हा तोंडमा कशाले? तुले तिन्हं काय माहीत शे?"

भिकुबाईचा चेहरा उतरला. तिला मूलबाळ नव्हतं, आणि मोठ्या जावेला कधी उलटून बोललीही नव्हती. त्या दिवशी बोलली. "जिजी, तुले रडाले पोर तरी व्हती. मले गानं म्हनाले बी तुन्हीच पोर लागस."

गजराबाईला ते लागलं, चांगलंच लागलं, पण राग काही उतरेना. "मंग नीट तरी म्हन," ती म्हणाली. "ती झोकाले भ्याये." आणि कशी भ्यायची ते दाखवायला तिनं रिकाम्या झोक्याचा दोर धरला. आईनं दोर धरला तरच कमळी बसायची, सोडला की किंचाळायची. सांगता सांगता हात दोराबरोबर हलू लागला, आणि बोलणं चालीवर कधी गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"उंच नको देऊ झोका, मन्ही कमळी भ्याये,
दोर मन्हा हातमा, तवय ती गाये."

पुढची ओळ आलीच नाही, रडू आलं. इतके महिने अडलेलं सगळं आलं. ती दोर धरून ओक्साबोक्शी रडली, आणि जात्यावर जोडीची बाई उचलते तशी भिकुबाईनं ती ओळ उचलली. आता तिच्या गाण्यात होती ती झोक्याला भिणारीच कमळी.

दुसऱ्या पहाटे गजराबाई दळणाची टोपली घेऊन जावेच्या दारात उभी. भिकुबाईनं जात्याच्या खुंट्याला हात घातलाच होता.

"सरक," गजराबाई म्हणाली. "ओवीमा तिन्हं नाव पयले मी लिसू. मंग तू."

भिकुबाई सरकली.