धुतलेले हात

अहेरीच्या आठवडी बाजारात ती सुपं-टोपल्या विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की टोपली पालथी घालून तिच्यावर थाप मारते आणि म्हणते, "आयका बाई, कशी वाजून राह्यली!" बांबू सोलून सोलून तिची बोटं काळी पडलीत, चिरा गेल्यात.

माझा मुलगा आठ महिन्यांचा होता. दात येत होते, त्यामुळे बाजारभर रडत होता. तिच्यापुढे टोपली बघायला थांबले, तर तिनं त्याला मांडीवर घेतलं. "दात येऊन राह्यले त्याले," म्हणत बोटानं त्याच्या हिरड्या चोळायला लागली. तो गप्प झाला, बोट चावत राहिला.

"बोट काढा आधी! हात धुतलेत का?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

तिनं बोट काढलं. तो पुन्हा रडू लागला. तिनं प्यायच्या पाण्याची बाटली उघडली, सगळी हातांवर ओतली आणि विचारलं, "आता देऊ का, बाई?"

मी त्याला उचलून निघाले. वाटेत तो काही केल्या थांबेना, तेव्हा मघाशी सुकी मासोळी निवडलेलं माझंच बोट त्याच्या तोंडात दिलं.

आता तो कडाकडा चणे फोडतो. तरी आम्ही लांबून दिसलो की ती बाटली उघडते, हात धुते आणि दोन्ही तळवे मला दाखवते. मग उन्हात बाजार उठेपर्यंत ती काय पिते, हे मी अजून विचारलेलं नाही.