गेरूतली पहार

ओल्या गेरूचा वास आला की मला धुळ्याकडच्या आमच्या गावातली मंदिरामागची खोली आठवते. नव्वदच्या आसपास आम्ही बायकांनी घरोघर पडून असलेली पहार, शिडी, करवत, घमेली दुरुस्त करून तिथे ठेवली होती. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं. प्रत्येक वस्तूच्या जागी भिंतीवर गेरूने तिचा आकार काढलेला होता, म्हणजे काय बाहेर गेलंय ते कुणालाही बघताक्षणी कळे. त्याआधी हे सगळं सरपंचांकडे मागावं लागे आणि बदल्यात एक दिवस त्यांच्या शेतात फुकट राबावं लागे. ते राबणं बंद झालं, तेव्हा त्यांना आठवलं की खोली ग्रामपंचायतीची आहे. उद्या कुलूप लावून सामान जप्त करणार, अशी त्यांनी दवंडी पिटवली. ती ऐकताच खोली सांभाळणाऱ्या अक्का दारात उभ्या राहिल्या आणि येईल त्याच्या हातात एकेक वस्तू देत गेल्या. मी तेव्हा नवी सून होते. डोक्यावर पदर, खांद्यावर पहार, अशी मी मुद्दाम सरपंचांच्या ओट्यासमोरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते कुलूप घेऊन आले, तर भिंतीवर नुसता गेरू. अक्का शांतपणे म्हणाल्या, “लावा कुलूप, आबा. बठ्ठं सामान उसनं गयं शे.” सगळं सामान उसनं गेलंय म्हटल्यावर सरपंचांनी रागाच्या भरात खरंच लावलं, आणि ते तिथेच गंजलं. आज मी माझ्या ओसरीच्या भिंतीवर पहारीचा आकार गेरूने पुन्हा गिरवला. जागा रिकामी आहे. पहार सकाळीच शेजारणीने नेली.