मेट्रनमावशींनी शिकवलेली प्रार्थना

मेट्रनमावशी प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. चर्चमध्ये सगळी मंडळी माना खाली घालून बसलेली असायची आणि पुढून दुसऱ्या बाकावर या ताठ बसून चौफेर बघत असायच्या. लहानपणी मी एकदा प्रार्थना चालू असताना डोळे किलकिले केले, तेव्हा नेमकी त्यांच्याशीच नजरानजर झाली होती. पुढे कुणीतरी धीर करून त्यांना याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "वॉर्डात डोळे मिटले का पेशंट पलंगावरून पडते. सवय आहे बापा. त्याले चालते, तुमाले कावून त्रास होऊन राहिला?" 'त्याले' म्हणजे देवाला. वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तशा त्या देवाबद्दल बोलत.

त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, मग नवऱ्याच्या नोकरीमागे भिलाईला आल्या आणि प्लांटच्या इस्पितळात लागल्या ते मेट्रन होऊनच निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. सेक्टर सहामध्ये आमच्याच गल्लीत त्यांचं क्वार्टर होतं. फिकट रंगाची कडक इस्त्रीची साडी, आखूड केस आणि लांबूनच ओळखू येणारी चाल. त्या फाटकातून आत आल्या की आई आधी उशांचे अभ्रे नीट करायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

"तुमच्यासाठी प्रार्थना करीन हं," असं लोक एकमेकांना म्हणतात आणि विसरून जातात. मावशी तसं कधी म्हणत नसत. त्या तिथल्या तिथेच उरकून टाकत. एकदा माझ्यासोबत सिविक सेंटरच्या बाजारात भाजी घेताना त्यांना एक जुना पेशंट भेटला. मुलाला जवळच्या रसमड्याच्या कारखान्यात काही केल्या काम लागत नाही, असं तो सांगत होता. मावशींनी हातातली फुलगोबी तशीच धरून वर पाहिलं आणि भाजीवाल्याच्या देखत म्हटलं, "ऐकलं ना? पोराले काम दे. हुशार आहे, पन भित्रा आहे, तेवढं पाहून घे. आमेन." मग लगेच भाजीवाल्याकडे वळून, "ही कशी दिली?" तो पेशंट हिंदू होता. त्याने खाली वाकून त्यांना नमस्कार केला आणि माझा चेहरा लाजेने लाल झाला.

मला लाज वाटायचीच, कारण मला प्रार्थना येत नव्हती. जन्माने ख्रिस्ती, नियमाने चर्चला जाणारी, गाण्यात पुढे. पण चारचौघांत तोंड उघडून देवाशी बोल म्हटलं की मी कुणाच्या तरी मागे लपत असे. आमचं चर्च हिंदी. शाळा, बँकेतली नोकरी, शेजार, सगळं हिंदीतच. मराठी उरली होती ती घरापुरती, आणि घरातली प्रार्थना तर पूर्णपणे बाबांच्या ताब्यात. जेवायला बसलं की ते हातावर हात ठेवून दोन-तीन वाक्यं बोलत, आम्ही 'आमेन' म्हणत असू आणि पोळी मोडत असू. सिलेंडर बदलणं जसं बाबांचं काम, तसंच हेही. ते नसताना कोण करणार, असा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नव्हता.

बाबांना झटका आला आणि त्यांचं उजवं अंग गेलं. वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, गिळता येतं आहे, मऊ अन्न द्या, हळूहळू ताकद येईल. पण बाबा जेवेनात. ताट समोर आलं की डोळे मिटून घ्यायचे, ओठ घट्ट. डाव्या हाताने मांडीवरचा निर्जीव उजवा हात ओढून घेऊन बसायचे. आई चमचा पुढे करी आणि ते मान फिरवत. हात दुखत असेल म्हणून आई तेल चोळायची. थकले असतील म्हणून आम्ही त्यांना आडवं करायचो. फार गयावया केली तर दोन घास, तेवढेच. त्यांची गालफडं बसायला लागली. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. नवऱ्याने जगायचं नाही असं ठरवलंय, असं तिला वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं, आणि त्यावर माझ्याकडे काहीही उपाय नव्हता.

मावशी रोज संध्याकाळी बाबांचे हातपाय हलवून घ्यायला येत. त्या दिवशी जरा उशिरा आल्या, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. आईने ताट आणलं. बाबांनी डोळे मिटले, डावा हात उजव्याकडे गेला. आईने सवयीने तेलाची वाटी उचलली.

"ते कायले?" मावशींनी विचारलं.

"हात दुखून राहिला ना त्यायचा. ताट आलं का दुखते," आई म्हणाली.

मावशी पलंगाच्या कडेला आल्या. बाबांच्या हातांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या की मी दचकले. "दुखून नाही राहिला, ताई! हात जोडून राहिले ते! या घरात जेवायच्या आधी प्रार्थना कोन करते?"

आईने तेलाची वाटी खाली ठेवली. बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. ते जेवणाला नाही म्हणत नव्हते. ते थांबले होते. इतके दिवस, दोन्ही वेळा, कुणीतरी सुरुवात करील म्हणून ते थांबून राहिले होते, आणि आम्ही त्यांना तेल चोळत होतो.

"मावशी, तुमीच करा ना. मेरे से नहीं होगा," मी म्हणाले. घाबरले की माझं असंच अर्धं हिंदी होतं.

"मी नाही करनार. उद्या माझे गुडघे धरले आन मी आली नाही, तर हा मानूस उपाशी राहीन का? घर तुमचं, बाप तुझा. तू कर."

आईकडे पाहिलं, तर ती आधीच मागे सरकली होती. "मले नाही बाप्पा लोकाइसमोर बोलता येत," ती म्हणाली. खोलीत लोक म्हणजे आम्ही चौघंच.

मग मी उभी राहिले आणि पास्टर बोलतात तसं सुरू केलं. हे दयालु परमपिता, हम तेरे चरणों में आते हैं, सब बीमारों को, सब दुखियों को, असं काही बाही. आमेनपर्यंत कशीबशी पोहोचले. बाबांचे डोळे मिटलेलेच. हात तसेच.

"हे काय होतं?" मावशी म्हणाल्या.

"प्रार्थना."

"भाषन होतं." त्यांनी खुर्ची ओढली आणि मला समोर बसवलं. "हे पाह्य. मी ड्युटी सोडताना नवीन सिस्टरले काय सांगायची? वॉर्डावर कृपा राहो, असं सांगायची का? मी सांगायची, खोकलेवाल्या बुढ्याले झोप नाही लागली. त्या कोपऱ्यातल्या बाईच्या सलाइनकडे लक्ष ठेव. खिडकीपाशी जो पोरगा आहे ना, तो रडून राहिला, त्याची माय आली नाही. एवढं सांगायचं आन पर्स उचलून घरी जायचं. पुढचं ती पाह्यते. तिले माझ्यापेक्षा जास्त समजत असो नाहीतर नसो, ड्युटी तिची. तू सब बीमार सब बीमार करून राहिली, तर तो कोनत्या पलंगाजवळ जाईन? जे दिसून राहिलं ते सांग. जे वाटून राहिलं ते सांग. मंग सोड."

मला हे पटलं नव्हतं. देवाशी असं बोलणं बरं दिसतं का, हा विचार तेव्हाही डोक्यात होता. पण वरण थंड होत होतं. मी ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "देवा, हा मऊ भात आईनं केलाय. बाबा जेवत नव्हते, कारण आम्हाला कळलं नाही. ते खूप वाळले आहेत. मला फार भीती वाटते आहे. त्यांना जेवू दे. आमेन."

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आई पदराने डोळे पुसत होती, म्हणून पहिला घास मावशींनी भरवला. त्या दिवशी ते वाटीभर भात जेवले, वर थोडी लापशीही खाल्ली. नाकातल्या नळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर मावशी माझी प्रार्थना तपासू लागल्या. वॉर्डाची फेरी घ्यावी तशा जेवणाच्या वेळी येऊन दारात उभ्या राहत आणि झाल्यावर शेरा मारत. नुसतं मागत सुटले की म्हणत, "तक्रारीच तक्रारी. कोन बरा होऊन राहिला तेही सांगा लागते. नाहीतर नव्या सिस्टरचा धीर सुटते." मग मी बाबांच्या पायाचा अंगठा हलला तेही सांगायला लागले, आईला झोप लागली तेही सांगायला लागले. रोज सांगायचं म्हणून दिवसभर बघावं लागे. बघायची सवय लागली आणि घरात बरंच काही बरं चाललंय हे मला दिसू लागलं. यात मावशींचा डाव होता की काय, कोण जाणे.

एक गोष्ट मात्र मी रोज मागत होते आणि ती मिळत नव्हती. बाबांची वाचा. महिने गेले, नुसता घोगरा आवाज निघे. एका संध्याकाळी मी ताटावर बसले आणि प्रार्थना केलीच नाही. मावशींना सरळ म्हणाले, "तो ऐकतच नाही. रोज कशाला सांगायचं?"

मला वाटलं होतं, आता बायबलमधली वचनं ऐकावी लागणार. मावशींनी पदराने चष्मा पुसला. "ऐकते तो. ऐकते आन करत नाही, असंही असते. माझा मानूस गेला तेव्हा मी देवाशी भांडली. कुकरच्या शिट्टीपेक्षा मोठ्या आवाजात भांडली, शेजारची बाई पाहाले आली. तूही भांड. पन त्याच्या घरात बसून भांड, निघून नको जाऊ."

मी भांडले. सगळ्यांच्या समोर, चांगली आवाज चढवून. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि शेवटी त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. नंतर ते व्यवस्थित जेवले. वाचा आली नाही ती नाहीच. पण पुढची काही वर्षं आमच्या टेबलावर बाबांचा चेहरा समाधानी असे, आणि ते गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून देवाला काय सांगायचं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

मावशी त्यानंतर वर्षभरातच गेल्या. पोटात गाठ निघाली, ऑपरेशनसाठी नागपूरला भाच्याकडे गेल्या आणि तिथेच संपल्या. इतकी खणखणीत बाई अशी हां हां म्हणता गेली, याचा राग मला आजही येतो. त्या निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं होतं.

आईने त्यांच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं होतं. पानं वाढून झाली. एवढा मोठा प्रवास, मान त्यांचा, म्हणून प्रार्थना त्याच करणार असं मी धरून चालले होते. मावशी ताटाकडे बघत राहिल्या. 

"प्रीती, तू कर," त्या म्हणाल्या. "गाठ निघाली तेव्हापासून मले बोलताच येऊन नाही राहिलं त्याच्याशी. लोकांसाठी तोंड चालते. माझ्यासाठी उघडतच नाही. मले भेव लागून राहिलं वं."

मी त्यांचा हात हातात घेतला. मला शब्द शोधावे लागले नाहीत. "देवा," मी म्हणाले, "मावशी घाबरल्या आहेत. त्यांनी स्वतःच सांगितलं असतं, पण आज त्यांना बोलवत नाही, म्हणून मी सांगते. उद्या त्या एकट्या गाडीत बसतील. ऑपरेशनच्या खोलीतही त्या एकट्याच जातील, आम्हाला तिथे येऊ देणार नाहीत. तू जा. त्यांनी सगळ्यांचं केलं, आता त्यांचं तू कर."

मी थांबले. आमेन म्हणणार, तेवढ्यात टेबलाच्या त्या बाजूने आईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"आन देवा," आई म्हणाली, "भाचसून नवीन आहे, तिले काही माहीत नाही. आमच्या मावशीले तिकडे येळेवर जेवाले मिळू दे."

मावशींनी तोंडाला पदर लावला आणि त्या हमसून हमसून रडल्या. आम्ही त्यांना रडू दिलं. मग त्यांनी डोळे पुसले, खणखणीत आवाजात 'आमेन' म्हटलं आणि आईपुढे ताट सरकवून भरीत मागितलं.