ऐकल्याचा होकार

समोरचा माणूस बोलू लागला, की ती मान किंचित डावीकडे कलती करायची आणि म्हणायची, "व्हय." वाक्य पुरे होण्याची वाटही पाहायची नाही.

"टाकी भरली की..."

"व्हय."

"...मोटार बंद करायची..."

"व्हय."

"...आणि मला हाक मारायची."

"व्हय, आजोबा."

पहिल्या दिवशी मला वाटले, पोरगी माझी थट्टा करते आहे.

तिच्याविषयी आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत तीन हकिगती प्रचलित आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. समोरचे निवृत्त बँक मॅनेजर सांगतात, ऐन वेळी लाइट गेली म्हणून तिची नोकरी हुकली. साफ चूक. माझ्या घरी इन्व्हर्टर आहे आणि त्याची निगा मी स्वतः राखतो. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणतो, तिला इंग्रजी येत नव्हते. त्याने आधी स्वतःच्या दुकानाची पाटी वाचावी. तिसरी हकिगत अशी, की तिने कामात लबाडी केली. ती प्रथम कोणी सांगितली हे मी अद्याप शोधतो आहे. मी जिल्हा न्यायालयात तीस वर्षे लघुलेखक होतो. साक्षी उतरवून घेण्यात माझी हयात गेली. ऐकीव काय आणि प्रत्यक्ष काय, हे मला कोणी शिकवू नये. या प्रकरणात प्रत्यक्ष हजर असलेला मी एकटा होतो.

ती पिशोर गावची. वडिलांची तिथे पिठाची गिरणी आणि गिरणीला लागूनच घर. इथल्या एका कॉलेजात ती कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला जाणार होती. त्या उन्हाळ्यात एका बड्या फायनान्स कंपनीची आठ आठवड्यांची इंटर्नशिप तिला मिळाली. काम घरून करायचे, लॅपटॉप कंपनीचा. आठव्या आठवड्याअखेर काही निवडक मुलांना कायम नोकरीचे पत्र मिळणार होते. तिच्या कॉलेजात नोकरी द्यायला कुठलीही कंपनी फिरकत नसे. त्यामुळे हे पत्र मिळाले तर मिळाले, नाहीतर पुढे काहीच नाही, हे तिला पुरते ठाऊक होते.

हॉस्टेल सुट्टीत बंद होते. घरी जावे, तर सकाळपासून गिरणीचा पट्टा फिरतो.

"तिथून कॉल घेतला तर साहेबांना वाटंल, मी ऑफिस सोडून दळण दळायली," असे म्हणून ती हसली आणि माझी वरची खोली तिने दोन महिन्यांसाठी घेतली.

तिच्या 'व्हय'चा उगम त्या गिरणीत होता, हे मला तिनेच सांगितले. चालू गिरणीत गिऱ्हाईक काय म्हणते ते निम्मे कानांनी आणि निम्मे डोळ्यांनी ऐकावे लागते. "बाजरी आहे", व्हय, "बारीक नको", व्हय, "संध्याकाळी नेते", व्हय. मध्ये 'व्हय' म्हटले नाही, तर बाई पुन्हा पहिल्यापासून ओरडते. तो होकार नसतो. तुमचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले, एवढीच ती पावती. कबूल काय आणि नामंजूर काय, ते पट्टा थांबल्यावर ठरते.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. आमच्या न्यायालयात तर रोज येत. खेड्यातला साक्षीदार वकिलाच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय' म्हणू लागला, की एक वृद्ध न्यायाधीश हात वर करून विचारत, "ऐकलं म्हणून व्हय, की खरं म्हणून व्हय?" त्याचे उत्तर आल्याखेरीज माझी लेखणी पुढे सरकत नसे.

कंपनीत तिचे काम नावे जुळवण्याचे होते. कर्जाच्या अर्जावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकाच माणसाचे आहे का, ते पाहायचे. कंप्युटरला न जुळलेल्या नावांची यादी करून प्रत्येकापुढे आपले मत लिहायचे. ती यादी दुसरे कोणी पुन्हा तपासणार आणि त्यातूनही न जुळलेल्यांनाच नकाराचे पत्र जाणार. ती या कामात तरबेज होती. "कासाबाई अन् काशीबाई एकच बाई असते, हे कंप्युटरला कुठं कळतंय?" ती म्हणायची. "मला कळतं. माझी आत्याच हाय."

तिसऱ्या आठवड्यात मी एक प्रमाद केला. नळाला पाणी आले होते, गल्लीतल्या सगळ्या मोटारी सुरू होत्या, आणि मी टाकीची चौकशी करायला बनियनवर तसाच तिच्या खोलीत शिरलो. पडद्यावर पाचसहा चेहरे होते. ते सगळे एकाएकी गंभीर झाले.

संध्याकाळी ती खाली आली. "आजोबा, राग नका मानू. कॉल चालू असल्यावर वर येऊ नका ना."

"घर माझे आहे," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली.

आमच्या सौभाग्यवतींनी तिचीच बाजू घेतली. "निदान सदरा तरी घालायचा होता," असे त्या पुढे चार दिवस म्हणत होत्या. मी मनाशी ठरवले, यापुढे तिच्या कामात अक्षरही बोलायचे नाही.

हा निश्चय मी पाळला. तो पाळायला नको होता. गल्लीच्या तीन हकिगतींत नसलेली गोष्ट ती हीच.

सहाव्या आठवड्यातील एका दुपारी मी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. तिच्या हेडफोनची वायर तुटली होती, म्हणून साहेबांचा आवाज खोलीबाहेर येत होता. ते मुंबईहून बोलत आणि घाईने बोलत. नेटवर्क मधूनमधून तुटत होते.

"तो ये जो तुम्हारी लिस्ट है..."

"येस सर."

"...इसका सेकंड चेक भी हो गया है..."

"येस सर."

"...तो मैं आगे भेज रहा हूँ."

"येस सर. सर, एक..."

"ओके, बाय."

पट्टा थांबल्यावर गिऱ्हाईक समोर उभे असते. इथे गिऱ्हाईक निघून गेले होते.

माझ्या कानाला ते तत्क्षणी खटकले. ते तीन 'येस' कुठल्या जातीचे आहेत, हे त्या घरात मला एकट्याला कळले होते. दारावर टकटक करून "पोरी, त्यांना परत फोन लाव" एवढेच म्हणायचे होते. मी शेवटच्या कुंडीला पाणी घातले आणि खाली आलो.

दुसऱ्यांदा न तपासलेली यादी पुढे गेली. नावे नीट असलेल्या कित्येक लोकांना नकाराची पत्रे मिळाली. त्यात एक कासाबाईही होती.

चार दिवसांनी चौकशीचा कॉल झाला. दार उघडे होते आणि मी जिन्यात उभा होतो. साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "सेकंड चेक हो गया है, इसपर तुमने येस बोला था?"

त्या क्षणी ती म्हणू शकली असती, नेटवर्क नव्हते. म्हणू शकली असती, आठवत नाही. माझ्यासमोर भले भले लोक शपथेवर असे म्हणून गेले आहेत.

"येस सर," ती म्हणाली. हा 'येस' मात्र खरे म्हणून होता. तिला लबाड म्हणणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

नंतर ती खालच्या पायरीवर येऊन बसली. "आजोबा, तुमच्या कोर्टात एखादा माणूस खरं बोलून फसला, तर काय करत्यात?"

"फेरतपासणी," मी म्हणालो. "त्याला आपल्या उत्तराचा खुलासा करू देतात."

मग मी तिला सर्व सांगितले. मी गच्चीवर होतो, मला कळले होते, आणि मी गप्प राहिलो. तिने मान कलती केली. "व्हय," म्हणाली. तो कोणता 'व्हय' होता, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

खुलाशाचा मसुदा मी इंग्रजीत केला, तिने तो सोपा केला. दोन दिवस ती जेवणाकडे लक्ष न देता भिंतीकडे तोंड करून तेवढीच वाक्ये म्हणत होती. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. साहेबांकडे तिने अकरा वेळा वेळ मागितली. शेवटी दोन मिनिटे मिळाली. त्या वेळी मी सदरा घालून तिच्या खोलीत, कॅमेऱ्यात येणार नाही असा बसलो होतो.

ती सुरेख बोलली. गिरणी सांगितली, पट्टा सांगितला, आपल्या 'येस'चा अर्थ सांगितला. पलीकडून मधूनमधून आवाज येत होता. "राइट... राइट... शुअर... आय अंडरस्टँड... शुअर."

कॉल संपला आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. "आजोबा, समजलं त्यांना! शुअर म्हणले! दोनदा!"

मीही सौभाग्यवतींना शिरा करायला सांगितला. आयुष्यभर लोकांचे 'व्हय' तपासून घेतलेला मी, त्या माणसाचा 'शुअर' जसाच्या तसा मान्य करून बसलो.

पत्रे शुक्रवारी येणार होती. सकाळपासून ती जिना चढत होती आणि उतरत होती. फोन हातात, चार्जर खांद्यावर. दुपारी तिच्या बरोबरच्या मुलांची पत्रे आली, त्यांचे आनंदाचे मेसेज आले. प्रत्येकाला तिने अभिनंदन लिहिले. चारच्या सुमारास तिचीही मेल आली. ती उभ्यानेच वाचत होती. मी विचारल्यावर म्हणाली, "सर्टिफिकेट दिलंय. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्यात."

साहेबांना तिने फोन लावला, पुन्हा लावला, लावतच राहिली. तो कोणी उचलला नाही. मग तिने मला विचारले, "आजोबा, शुअर म्हंजे काय असतं वो?"



शनिवारी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन गेला. रविवारी वडील स्कूटरवर आले. मोठ्या आवाजाचा, भुवयांवर पिठाची पांढरी झाक असलेला साधा माणूस. फाटकातूनच त्यांनी विचारले, "काय म्हणती कंपनी? झालं का पक्कं?"

"घरी गेल्यावर सांगते, बाबा," ती म्हणाली. माझ्या पाया पडली, सौभाग्यवतींच्या पडली. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. माझ्याकडे तिचा नंबर आहे. मीही केलेला नाही.

समोरचे मॅनेजर सांगतात, ती मोठ्याने रडत गेली. झेरॉक्सवाला सांगतो, ती हसत होती, तिला काही वाटलेच नाही. दोघेही त्या वेळी घरात होते. फाटकात मी होतो. ती स्कूटरवर मागे बसली होती, लॅपटॉपची रिकामी बॅग तिने मांडीवर उभी धरली होती. वडील मान वळवून तिला काहीतरी विचारत होते. तिचे तोंड दुसरीकडे होते. स्कूटर मेडिकलच्या दुकानापाशी वळली, तोवर ते विचारतच होते. तिने काय उत्तर दिले, किंवा दिले का, हे इतक्या अंतरावरून मला कळले नाही. आणि जे मला कळले नाही, ते मी सांगणार नाही.